कोलंबसाच्या आधी समुद्रमार्गे अमेरिकेत कोण पोहोचले? (सोमनाथपूरच्या कणसावरून पडलेला प्रश्न)

पायवाट (धागाकर्ता), शनिवार, रात्री ९:१२

गेल्या डिसेंबरात म्हैसूरला गेलो असताना तिथून पस्तीसेक किलोमीटरवर असलेले सोमनाथपूरचे केशव मंदिर पाहिले. होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या काळात त्याच्या सोमनाथ नावाच्या दंडनायकाने हे मंदिर उभारले, म्हणजे काळ तेराव्या शतकाचा. आमच्या वाटाड्याने बाहेरच्या भिंतीवरील एका मूर्तीच्या हातावर मोबाइलचा प्रकाशझोत टाकला आणि "हे काय आहे, ओळखा," असे म्हणाला. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने क्षणभरही न थांबता "मक्याचे कणीस" असे उत्तर दिले. दाणे ओळीने बसवलेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले. पावसाळ्यात घाटात गाडी थांबवून आपण जे लिंबू-तिखट लावून खातो, अगदी तेच. मका मूळचा मेक्सिकोचा, कोलंबस तिकडे गेला १४९२ साली आणि हे मंदिर त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचे, असा हिशेब मांडून वाटाड्याने निकाल दिला की आपले लोक कोलंबसाच्या आधीच अमेरिकेत जाऊन आले होते.

घरी आल्यावर शोधले तेव्हा कळले की हा दावा त्या वाटाड्याचा नाही. कार्ल जोहानसेन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञांनी १९८९ साली तो गंभीरपणे मांडला होता. पुढे वाचत गेलो तसे नॉर्स (म्हणजे उत्तर युरोपातले व्हायकिंग), पॉलिनेशियन, आयरिश, वेल्श, चिनी, आफ्रिकी, फिनिशियन असे एकेक दावेदार समोर येत गेले आणि जवळपास प्रत्येक देशाने आपापला कोलंबस राखून ठेवला आहे असे वाटू लागले. सैबेरियाकडून आलेले मूळ रहिवासी हेच खरे पहिले, हे मला मान्य आहे. प्रश्न आहे तो त्यांच्यानंतर समुद्र ओलांडून आलेल्यांपुरता. यांतले कोणते दावे टिकतात आणि मुळात कोणत्या गोष्टीला पुरावा म्हणायचे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

तिरकस, शनिवार, रात्री ९:३०

आमच्या आळीतले एक काका १९८४ साली प्रथम अमेरिकेत पोहोचले आणि त्याच्या आधी तिकडे कोणी गेले होते हे ते आजतागायत मान्य करत नाहीत.

मोडीवाला, शनिवार, रात्री १०:०५

पायवाट, आपल्या कन्येचे उत्तर स्वाभाविक आहे, पण जे आपण रोज पाहतो तेच आपल्याला दगडात दिसते, हीच यातली मेख आहे. जोहानसेन यांच्या दाव्याला पेयक आणि सचान या भारतीय शास्त्रज्ञांनी १९९३ साली सविस्तर उत्तर दिले. मूर्तींच्या हातातील वस्तू हे कणीस नसून मोती धारण करणारे एक कल्पित फळ, म्हणजे मुक्ताफळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. होयसळ शिल्पी अंगावरचा प्रत्येक दागिना मणी मोजून कोरत असत, हे तिथली कोणतीही मूर्ती जवळून पाहिली की कळते. त्याच सवयीने त्यांनी फळावर मोती कोरले असतील तर आज ते आपल्याला मक्याचे दाणे वाटणारच.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की पीक एकटे येत नाही. त्याला नाव मिळते, ते कुटले आणि दळले जाते, त्यावर कर बसतो, वैद्य त्याचे गुणदोष लिहितात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, मानसोल्लास रचला; त्यात राजाच्या ताटातील पदार्थांची इतकी बारीक वर्णने आहेत की आजच्या गृहिणीनेही त्यावरून स्वयंपाक करावा. तिथे मिरी आहे, मिरची नाही. अमेरिकेशी जाणे-येणे होते असे मानायचे, तर तिथून मका तेवढा आणला आणि मिरची तिथेच विसरून आलो, असे म्हणावे लागेल. दख्खनच्या माणसाच्या बाबतीत मला तरी हे पटत नाही.

तिरकस, शनिवार, रात्री १०:११

म्हणजे इतकी वर्षे तिथले वाटाडे मुक्ताफळेच उधळत आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

रंकाळा, शनिवार, रात्री १०:४८

मोडीवाला यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांपैकी उजव्या खालच्या हातात म्हाळुंग आहे. गदा, ढाल आणि पानपात्र यांच्या जोडीला हे फळ तिचे लक्षण म्हणूनच धरलेले आहे. शहरातल्या निम्म्या लोकांनी खरे म्हाळुंग बाजारात कधी पाहिलेले नसते, त्यामुळे लहानपणी आम्ही ते आंबा किंवा नारळ समजत असू. देवतेच्या हातातील फळ ओळखायचे ते शास्त्रग्रंथांतील वर्णनावरून, मंडईवरून नव्हे, हे मला फार उशिरा समजले.

फटफटी, रविवार, सकाळी ७:२०

उत्तम धागा आहे. वाचनखूण साठवली असून पुढील प्रतिसादांची वाट पाहत आहे.

ओलीवाट, रविवार, सकाळी ८:०२

मी गेली अकरा वर्षे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर राहते. न्यूफाउंडलंड बेटाच्या अगदी उत्तर टोकावर लान्स ओ मेडोज नावाची नॉर्स वस्तीची जागा आहे; १०२१ साली ते लोक तिथे होते, हे आता सिद्ध झाले आहे. तिथे दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. डियर लेकपासून चारशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खुरटी झाडे आणि मधूनमधून मूस या प्राण्यापासून सावध राहण्याच्या पाट्या. पोहोचल्यावर पहिल्यांदा निराशाच झाली, कारण मूळ अवशेष म्हणजे गवताखाली दिसणारे जमिनीचे उंचवटे, एवढेच आहे. बाजूला गवताळ मातीच्या ढेकळांनी बांधलेले घराचे प्रतिरूप उभे केले आहे. त्यात वाकून शिरलो तेव्हा चुलीचा धूर, ओल्या मातीचा वास आणि जाड भिंतींमुळे अचानक थांबलेला वारा जाणवला आणि हजार वर्षांपूर्वी इथे कोणी हिवाळा काढला असेल हे प्रथमच खरे वाटले.

हेल्गे इंगस्टाड हे नॉर्वेजियन गृहस्थ १९६० साली किनाऱ्याने चौकशी करत इथवर आले. जॉर्ज डेकर नावाच्या गावकऱ्याने त्यांना हे उंचवटे दाखवले. गावातले लोक त्या जागेला मूळ रहिवाशांचा, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘इंडियन’ लोकांचा, जुना तळ समजत असत. पुढे हेल्गे यांच्या पत्नी ॲन स्टीन इंगस्टाड यांनी, ज्या पुरातत्त्वज्ञ होत्या, १९६१ ते १९६८ या काळात उत्खनन केले. आठ इमारतींचे अवशेष मिळाले. सापडलेल्या वस्तू अगदी किरकोळ आहेत: अंगावरचे वस्त्र अडकवायची काशाची टाचणी, सूत कातायच्या चातीची दगडी चकती, होड्यांच्या लोखंडी खिळ्यांचे तुकडे. ओढ्याच्या पलीकडे दलदलीतले लोहखनिज वितळवण्याची भट्टी होती आणि तिथली लोखंडाची मळी अजून दाखवतात. स्थानिक जमातींमध्ये लोखंड गाळण्याची रीत नव्हती, त्यामुळे हा पुरावा निर्णायक ठरला. शिवाय तिथे बटरनट नावाच्या अक्रोडाच्या जातीची फळे सापडली. ते झाड न्यूफाउंडलंडमध्ये होत नाही, बरेच दक्षिणेला होते. म्हणजे ही मंडळी इथून आणखी खाली जाऊन परत आली होती. ती चकती मला अजून आठवते. सूत कातणे हे त्यांच्याकडे बायकांचे काम, तेव्हा या सफरीत बायकाही होत्या, एवढे तो रुपयाएवढा दगड सांगून जातो.

पायवाट, रविवार, सकाळी ९:१५

ओलीवाट, मनापासून आभार. १०२१ हे साल नेमके कसे काढले, हे कोणी सांगू शकेल का? कार्बन पद्धतीने पाच-पन्नास वर्षांचा फरक राहतोच, असे ऐकले होते.

मोडीवाला, रविवार, सकाळी १०:४०

ही या शतकातली फार देखणी युक्ती आहे. इसवी सन ९९३ च्या सुमारास सूर्याकडून आलेल्या तीव्र प्रारणामुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बन एकाएकी वाढला आणि जगभरातील झाडांच्या त्या वर्षीच्या कड्यात त्याची खूण राहिली. लान्स ओ मेडोज येथे धातूच्या पात्याने तोडलेले लाकडाचे तीन तुकडे जपून ठेवलेले होते, तेही तीन वेगवेगळ्या झाडांचे. संशोधकांनी प्रत्येकात ती खूण शोधली आणि तिथून सालीपर्यंतची कडी मोजली. तिन्हींत ती अठ्ठावीस भरली. ९९३ मध्ये २८ मिळवा म्हणजे १०२१. हा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे कुऱ्हाड पडल्याला बरोबर हजार वर्षे झाली होती. ही वस्तीची स्थापना झाल्याची तारीख मात्र नव्हे. त्या वर्षी ते लोक तिथे झाडे तोडत होते, एवढेच त्यावरून ठामपणे म्हणता येते.

याला लेखी आधारही आहे. ब्रेमेनच्या ॲडम या पाद्र्याने १०७५ च्या सुमारास विनलंड नावाच्या बेटाचा (नॉर्स लोकांनी गाठलेल्या अमेरिकी किनाऱ्याचे हे त्यांनी दिलेले नाव) उल्लेख केला आहे, आणि तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या आइसलंडच्या दोन सागांमध्ये लेइफ एरिक्सन, थॉर्फिन कार्लसेफ्नी, त्याची पत्नी गुद्रिद आणि तिकडेच जन्मलेला त्यांचा मुलगा स्नोरी यांच्या कथा येतात. सागा म्हणजे आपल्या बखरी समजा. बखरीत जशी माणसे खरी आणि संवाद रंगवलेले असतात, तसेच इथेही आहे. फरक इतकाच की इथे बखरीच्या मागून जमिनीनेही साक्ष दिली.

नवखा, रविवार, दुपारी १२:३०

मग चिनी नौसेनापती झेंग ह याचे काय? त्याची प्रचंड जहाजे १४२१ साली अमेरिकेत पोहोचली होती, असे एका गाजलेल्या पुस्तकात वाचले होते.

मोडीवाला, रविवार, दुपारी १:०२

गॅव्हिन मेंझिस यांचा २००२ सालचा दावा इतिहासकारांनी जवळजवळ एकमुखाने फेटाळला आहे. झेंग हच्या १४०५ ते १४३३ या काळातील सात सफरी मात्र पूर्ण खऱ्या आहेत आणि कालिकत हे त्यांतले नेहमीचे बंदर होते. सोबत असलेल्या मा हुआनने तिथल्या बाजाराचे, तोलमापाचे आणि बोटांवर करायच्या हिशेबाचे वर्णन लिहून ठेवले आहे. कालिकतच्या बाजाराबद्दल इतके लिहिणारी मंडळी एका नव्या खंडाबद्दल अवाक्षर लिहीत नाहीत, हे संभवत नाही.

दर्यावर्दी, रविवार, दुपारी ४:१८

मी व्यापारी जहाजांवर तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे पुस्तकी पंडितांना थोडे बाजूला ठेवून पाण्याच्या बाजूने बोलतो. या चर्चेत तीन गोष्टींची सरमिसळ होते: वाहत जाऊन पोहोचणे, हेतुपुरस्सर जाणे आणि जाऊन परत येणे. समुद्राचा खरा कस तिसऱ्यात लागतो.

पहिल्याचे उत्तम उदाहरण १८३२ सालचे आहे. जपानमध्ये तांदूळ आणि चिनी मातीची भांडी घेऊन एदोकडे (आजच्या टोकियोकडे) निघालेल्या एका जहाजाचे सुकाणू वादळात गेले. ते सुमारे चौदा महिने प्रशांत महासागरात वाहत राहिले आणि १८३४ साली आजच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याला, केप फ्लॅटरीजवळ लागले. चौदा खलाशांपैकी तिघे जिवंत होते. त्यांतला धाकटा ओतोकिची पुढे सिंगापूरला स्थायिक झाला. त्याला मायदेशी राहायला परत जाता आले नाही. जपानजवळून जाणारा कुरोशिओ हा सागरी प्रवाह हजारो वर्षे वाहत आहे, तेव्हा अशी जहाजे त्याआधीही कधी लागली नसतील असे मी म्हणणार नाही. पण अशा तीन भुकेल्या माणसांनी किनाऱ्यावर नवी संस्कृती रुजवली, असे म्हणणे वेगळे. इक्वेडोरमधील वाल्दिविया येथील खापरांवरील नक्षी जपानच्या जोमोन खापरांसारखी दिसते, म्हणून १९६० च्या दशकात असा सिद्धान्त मांडला गेला होता. तो आता मागे पडला आहे.

दुसरी गोष्ट, प्रयोगाने काय सिद्ध होते याची. थोर हायरडाल १९४७ साली पेरूच्या कायाओ बंदरातून कॉन-टिकी हा बाल्सा लाकडाचा तराफा घेऊन निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातील रारोइया या प्रवाळबेटाच्या खडकावर आदळले. धाडसाला माझा सलाम आहे. पण त्यांना बंदरातून आरमाराच्या बोटीने ऐंशी-एक किलोमीटर बाहेर ओढून सोडले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. किनाऱ्यालगतच्या प्रवाहातून सुटणे हेच तिथे अर्धे काम असते. टिम सेव्हरिन यांनी १९७६-७७ मध्ये बैलांच्या कातड्यांनी मढवलेल्या होडीतून आयर्लंडहून न्यूफाउंडलंड गाठले. त्यावरून आयरिश दंतकथेतला दर्यावर्दी संत ब्रेंडन जाऊ शकला असता एवढेच कळते. तो गेला होता हे कळत नाही. मला मुंबईहून चालत काशीला जाता येईल, म्हणून मी गेलो होतो असे होत नाही.

अटलांटिकचे म्हणाल, तर कानरी बेटांच्या खाली आलेल्या होडीला व्यापारी वारे स्वतःच कॅरिबियनकडे ढकलतात. परत यायचे तर उत्तरेला चढून पश्चिमी वारे पकडावे लागतात. कोलंबसाचे मोठेपण माझ्या मते या परतीच्या वाटेत आहे. पेद्रू आल्वारिश काब्राल तर १५०० साली निघाला होता आपल्याकडे यायला. आफ्रिकेला वळसा घालण्यासाठी तो इतका पश्चिमेला गेला की एप्रिलमध्ये ब्राझीलला लागला आणि तिथून पुढे त्याच वर्षी कालिकतला पोहोचला.

अबोली, रविवार, रात्री ८:४४

मी कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे मला दगडांपेक्षा कंद अधिक विश्वासू वाटतात. या धाग्यावर अजून रताळ्याचे नाव निघाले नाही, याचे आश्चर्य वाटते.

रताळे मूळचे अमेरिकेचे. तरीही युरोपीय लोक प्रशांत महासागरात पोहोचण्याच्या आधीच पॉलिनेशियातील बेटांवर ते लावले जात होते. कुक बेटांपैकी मांगाइया येथे त्या काळातील जळून कोळसा झालेले रताळे उत्खननात मिळाले आहे. पॉलिनेशियात त्याला कुमारा किंवा त्याच्या जवळचा शब्द आहे आणि अँडीज भागातील केचुआ भाषेत कुमार असा शब्द नोंदलेला आहे. म्हणजे कंदाबरोबर नावही आले असावे. यावर २०१८ साली काही संशोधकांनी आक्षेप घेतला. कॅप्टन कुकच्या सफरीत १७६९ साली जमा केलेल्या रताळ्याच्या वाळवलेल्या नमुन्यातील जनुके तपासून ते म्हणाले की हा वाण अमेरिकी वाणापासून लाखाहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झाला आहे, तेव्हा बी आपोआप वाहत गेले असणार. एका नमुन्यावर इतका मोठा निष्कर्ष उभा करणे अनेकांना रुचले नाही.

मग २०२० साली माणसांचीच जनुके तपासली गेली. सतरा बेटांवरील पॉलिनेशियन आणि प्रशांत किनाऱ्यावरील मूळ अमेरिकी मिळून आठशेहून अधिक लोकांचा तो अभ्यास होता. इसवी सन १२०० च्या सुमारास दोन्ही समाजांचा संकर झाल्याचे त्यात दिसले आणि अमेरिकी बाजूचे सर्वांत जवळचे नाते आजच्या कोलंबियातील लोकांशी निघाले. पाठोपाठ २०२४ साली रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरील पंधरा जुन्या व्यक्तींच्या अवशेषांतील जनुकांवरून तिथेही १२५० ते १४३० या काळात असा संपर्क झाल्याचे दिसले. त्यामुळे नॉर्स लोकांच्या पाठोपाठ दुसरा भक्कम दावा पॉलिनेशियनांचा आहे, असे मी म्हणेन.

वनस्पती फसवतातही, हे मात्र आधी सांगायला हवे. दुधी भोपळा मूळचा आफ्रिकेचा, पण अमेरिकेत तो सुमारे दहा हजार वर्षांपासून आहे. पूर्वी वाटे की आशियातून आलेल्या माणसांनी तो आणला. २००५ मधील अभ्यासही तेच सांगत होता. २०१४ साली अधिक जनुके तपासल्यावर नाते आफ्रिकेशी निघाले आणि वाळलेला भोपळा अटलांटिकवर तरंगत एकटाच पलीकडे गेला असावा, असे ठरले. कापसाचेही तसेच. अमेरिकी कापसात निम्मा जनुकसंच जुन्या जगातल्या कापसाच्या घराण्यातला आहे. माणसाने बी नेल्याशिवाय हे कसे घडेल, असे एकेकाळी विद्वान विचारत. तो संकर दहा लाख किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वीचा निघाला, तेव्हा आजचा माणूसच नव्हता. आज विदर्भाच्या शेतात उभा असलेला कापूस बहुतांशी याच संकराचा वंशज आहे.

तिरकस, रविवार, रात्री ८:५९

लेकीकडे निघालेली म्हातारी आत नसतानाही भोपळा इतका लांब टुणूक टुणूक करत गेला, हे वाचून धन्य झालो.

फटफटी, रविवार, रात्री ९:१०

अबोलीताई, बटाटा हा शब्दही तिकडचाच ना?

अबोली, रविवार, रात्री ९:३३

होय, आणि त्यात एक गंमत आहे. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतला असून तिथे त्याचा अर्थ रताळे असा होता. पोर्तुगीजांच्या तोंडून तो गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आला तेव्हा आपण तो दुसऱ्याच कंदाला चिकटवला. एकादशीच्या ताटात बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस शेजारी वाढले जातात, तेव्हा एकाचे नाव दुसऱ्याने पळवलेले असते. त्याच ताटातले शेंगदाणे, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंदही अमेरिकेचाच आहे. कोलंबसाच्या आधीचा उपवास फार कडक असला पाहिजे.

सप्तसिंधू, रविवार, रात्री १०:२०

सर्व पाश्चात्त्य विद्वानांचे दाखले वाचले. आपल्या पुराणांत पाताळाचे वर्णन आहे, ते पृथ्वीच्या बरोबर पलीकडील बाजूला म्हणजे अमेरिकेत येते. मयासुर हा शिल्पी तिथला आणि तिकडे माया संस्कृती आहे, हा योगायोग कसा? अॅझ्टेक लोक पतोल्ली नावाचा खेळ खेळत, तो हुबेहूब आपली पचीशी आहे. आपल्या पूर्वजांना श्रेय द्यायची वेळ आली की पुराव्याचे निकष कडक होतात, हे खेदाने नमूद करतो.

मोडीवाला, सोमवार, सकाळी ७:५०

सप्तसिंधू, आपला खेद मी समजू शकतो, परंतु मय आणि माया हा निव्वळ बादरायण संबंध आहे. दोन अक्षरे जुळली म्हणून नाते जुळत नाही. माया लोकांचे शिलालेख आता मोठ्या प्रमाणात वाचता येतात आणि त्यांची भाषा संस्कृतशी कोणतेही नाते सांगत नाही. निकष मात्र सर्वांना सारखेच लावले गेले आहेत. येल विद्यापीठाने १९६५ साली थाटामाटात जाहीर केलेला विनलंडचा नकाशा त्याच विद्यापीठाने २०२१ मध्ये बनावट म्हणून घोषित केला, कारण त्याच्या शाईत विसाव्या शतकात वापरात आलेले टायटॅनियमचे संयुग निघाले. वेल्श राजपुत्र मॅडॉक ११७० साली तिकडे गेला, असे वेल्श लोक अभिमानाने सांगत. जॉन इव्हान्स हा तरुण १७९० च्या दशकात मिसूरी नदीवरच्या मँडन लोकांत वेल्श बोलणारे शोधायला गेला आणि असा एकही माणूस नाही, असे त्याने प्रामाणिकपणे कळवले. ब्राझीलमधील पाराइबा येथील तथाकथित फिनिशियन लेखाचीही तीच गत झाली.

पचीशीचा मुद्दा मात्र आपला चांगला आहे आणि तो नवाही नाही. एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकातच हा प्रश्न उपस्थित केला होता. दोन्हींत फुलीच्या आकाराचा पट, दोन्हींत सोंगट्या. फाशांऐवजी आपल्याकडे कवड्या, त्यांच्याकडे खुणा केलेले घेवड्याचे दाणे. नंतरच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की शर्यतीचा खेळ पटावर मांडायचा म्हटले की पर्यायच मोजके उरतात, त्यामुळे दोन ठिकाणी सारखे उत्तर सुचणे शक्य आहे. मला हे उत्तर पुरते समाधानकारक वाटत नाही, हे कबूल करतो. पण खेळासोबत चाक, लोखंड, घोडा, गाय यांपैकी काहीही पलीकडे गेले नाही, हेही विसरता येत नाही.

उंबरठा, सोमवार, सकाळी ११:१५

आफ्रिकेचा विषय एका ओळीत गुंडाळला गेला आहे, म्हणून लिहिते. मालीचा सम्राट मानसा मूसा १३२४ साली हज यात्रेला जाताना कैरोत थांबला होता. आपल्या आधीच्या राजाने समुद्राचा शेवट शोधण्यासाठी आधी काही नौका धाडल्या, त्यांतली एकच परतली, मग तो स्वतः दोन हजार नौका घेऊन गेला आणि परत आला नाही, अशी हकीकत त्याने तिथे सांगितली. ती अल-उमरी या लेखकाने नोंदवून ठेवली आहे. म्हणजे निघाल्याचा लेखी दाखला आहे, पोहोचल्याचा नाही. चेहरे आफ्रिकी वाटतात म्हणून या हकीकतीला मेक्सिकोतील प्राचीन ओल्मेक लोकांच्या प्रचंड दगडी मस्तकांची जोड देतात, ती मात्र पूर्णपणे चुकीची आहे. ती मस्तके मानसा मूसाच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीची आहेत. शिवाय ओल्मेक शिल्पींनी स्वतःच्याच लोकांचे चेहरे कोरले, एवढे श्रेयसुद्धा त्यामुळे त्यांना मिळत नाही, याची मला चीड येते.

तसेच मूळ धाग्यात पायवाट यांनी मूळ रहिवाशांना एका वाक्यात बाजूला ठेवले आहे, तेही खटकले. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे मिळालेले पावलांचे ठसे एकवीस ते तेवीस हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२१ साली मांडले गेले. त्या काळात कॅनडावरील बर्फाच्या थरांतून चालत येण्याची वाट खुली नव्हती, त्यामुळे ते किनाऱ्याकिनाऱ्याने होड्यांतून आले असण्याची शक्यता आज गंभीरपणे विचारात घेतली जाते. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता रोझा बेटावर सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची हाडे सापडली आहेत. तेव्हाही ते बेटच होते. तिथे कोणी चालत गेले नव्हते. समुद्रमार्गे पहिले कोण, या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्यांच्यातच असेल.

दर्यावर्दी, सोमवार, दुपारी ३:०५

उंबरठा यांचा आक्षेप मान्य. सांता रोझाच्या हाडांबद्दल मला माहिती नव्हती. किनारा नजरेत ठेवून चालवलेली होडी हीसुद्धा होडीच, आणि आमच्या धंद्यात तिला कमी लेखणारे बहुधा खडकावर जातात. पॉलिनेशियनांबद्दल एक गोष्ट राहिली होती. ते नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध, पूर्वेकडे शोध घेत जात, हे अनेकांना वेडेपणाचे वाटते. उलट ते शहाणपणाचे आहे. पश्चिमी वारा काही दिवस सुटला की निघायचे आणि जमीन लागली नाही तर नेहमीचा वारा परत घरी आणून सोडतो. अबोलीताईंच्या रताळ्याची परत येण्याची वाट तीच असणार.

ओलीवाट, सोमवार, सायंकाळी ६:४०

माझ्याकडूनही एक दुरुस्ती. लान्स ओ मेडोजला आम्हाला माहिती देणारी बाई मूळ रहिवाशांपैकी होती. नॉर्स लोक फार थोडा काळ राहिले आणि निघून गेले, असे सांगून ती म्हणाली की त्याच उपसागरात तिच्या पूर्वजांच्या चुली त्यांच्या आधीच्याही सापडल्या आहेत आणि नंतरच्याही. नॉर्स घरांसमोर फोटो काढणाऱ्या आमच्या घोळक्याला तिने त्या जागा मुद्दाम चालत नेऊन दाखवल्या. तिथे पाटीशिवाय काहीच नव्हते, म्हणून कोणी फोटो काढले नाहीत. मीही काढला नाही.

पायवाट, सोमवार, रात्री ९:५०

सर्वांचे आभार. उंबरठा, आपला आक्षेप रास्त आहे. मूळ धाग्यातले ते वाक्य मी हातावेगळे करून टाकल्यासारखे लिहिले होते.

काल रात्री सोमनाथपूरचे फोटो पुन्हा काढून पाहिले. ज्या मूर्तीवरून हे सारे सुरू झाले तिचा एकच फोटो माझ्याकडे आहे आणि त्यात वाटाड्याच्या प्रकाशझोतामुळे नेमका हातच पांढराफटक पडला आहे. दाणे आहेत की मोती, हे त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. मात्र शेजारच्या मूर्तीचा गळा, बाजूबंद आणि कंबरपट्टा स्पष्ट आला आहे आणि त्यावरचे मणीही तसेच ओळीने, टोकाकडे लहान होत गेलेले आहेत. मुलीला तो दाखवून मोडीवाला यांचे म्हणणे सांगितले. तिने बराच वेळ पाहिले आणि हार मक्याचा आहे, असे सांगितले.

रंकाळा, नवरात्रानंतर कोल्हापूरला येण्याचा विचार आहे. म्हाळुंग नीट पाहायला मिळेल का?

रंकाळा, सोमवार, रात्री १०:१५

अवश्य यावे, पण पूजा बांधलेली असताना साडी आणि अलंकारांतून हात दिसत नाही. मूर्तीचा बिनअलंकारांचा जुना फोटो आमच्या घरी आहे, तो दाखवतो. खरे म्हाळुंगही मिळाले तर मिळवून ठेवतो, म्हणजे मुलीला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येईल. दोन-चार दिवस आधी कळवावे.

तिरकस, सोमवार, रात्री १०:१७

मक्याचे कणीसही सोबत ठेवावे, प्रतिपक्षाची बाजू ऐकून घेतलेली बरी.